वारसा आणि बेवारस

पोलीस ठाण्याच्या दप्तरात 'बेवारस प्रेत' हा एक जुना शब्द आहे. नदीच्या गाळात, रुळांलगत किंवा धर्मशाळेच्या ओट्यावर जे प्रेत सापडते आणि ज्याला ओळखण्यास वा मागण्यास कोणी पुढे येत नाही, ते बेवारस. या शब्दाच्या घडणीकडे थोडे लक्ष दिले असता एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. मृताचे नाव काय, त्याला मरण कसे आले, ते कोणी आणले, यांपैकी कशाचाही त्यात निर्देश नाही. त्याच्यावर हक्क सांगणारा कोणी नाही, एवढेच तो शब्द सांगतो. आणि तेवढे सांगितले म्हणजे पुढील चौकशीचे कारण संपले, असा त्याचा ध्वनी असतो. याच कुळातला दुसरा शब्द 'वारसा'. 'वसाहतींचा वारसा' हा शब्दप्रयोग अलीकडे व्याख्यानांतून व ग्रंथांतून इतक्या सढळ हाताने वापरण्यात येतो की, त्याचा नेमका अर्थ काय हे विचारण्याची कोणास आवश्यकताच वाटत नाही. हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून एका प्रश्नाचा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे. कॅनडा देशात तेथील मूळ रहिवाशांच्या स्त्रियांच्या ज्या हत्या गेली कित्येक दशके होत आल्या आहेत, त्यांचा दोष हत्या करणाऱ्या हाताशी थांबतो की त्याच्यापलीकडे जातो. आणि जात असल्यास कोठवर?

इतक्या दूरच्या देशाची उठाठेव आम्ही का करावी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, तो देश आता आम्हांस दूरचा राहिलेला नाही. हे मासिक ज्या घरांत वाचले जाते, त्यांपैकी अनेक घरांतील मुले आज टोरोंटोस किंवा व्हँकुव्हरास शिकत वा नोकरी करीत आहेत, काहींनी तेथे घरेही घेतली आहेत. शिवाय ज्या लोकांविषयी हा लेख आहे, त्यांच्या कपाळी कोलंबसाच्या एका भौगोलिक घोटाळ्यामुळे आपलेच नाव आले, आणि ज्या साम्राज्याने तेथे त्यांच्यासाठी कायदे केले त्यानेच येथे आपल्यासाठी केले. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्हांस पुढे वळावयाचे आहे.

सन २०१४ च्या ऑगस्ट महिन्यात मॅनिटोबा प्रांतातील विनिपेग शहरी रेड नदीच्या पात्रातून पंधरा वर्षांच्या एका मूळ रहिवासी मुलीचे प्रेत काढण्यात आले. देशभर क्षोभ झाला आणि अशा हत्यांची राष्ट्रीय चौकशी व्हावी ही जुनी मागणी पुन्हा जोराने पुढे आली. तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी ती नाकारताना जी भूमिका घेतली तिचा आशय असा होता की, हा गुन्हा आहे आणि त्याकडे गुन्हा म्हणूनच पाहिले पाहिजे. त्यास समाजशास्त्रीय घटनेचे रूप देऊ नये. या उत्तरावर पुष्कळ टीका झाली. तथापि ते उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही, असे आम्हांस वाटते. कर्म ज्याचे, फळ त्याचे, हा कोणत्याही न्यायव्यवस्थेचा पाया आहे. खुनी मनुष्याच्या मागे इतिहास उभा केला की, प्रथम खुनी लहान होतो व इतिहास मोठा होतो. आणि इतिहासाला फाशी देता येत नाही, तुरुंगातही टाकता येत नाही. 'सर्वांचा दोष' म्हणजे व्यवहारात बहुधा कोणाचाच नव्हे, हा अनुभव आपणांसही आहे.

शिवाय त्याच वर्षी रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस या दलाने जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हार्परसाहेबांच्या बाजूचा पुरावा थोडाथोडका नव्हता. १९८० ते २०१२ या काळातील १,१८१ मूळ रहिवासी स्त्रियांची प्रकरणे त्या अहवालात मोजली होती. त्यांपैकी १,०१७ खून झालेल्या व १६४ बेपत्ता. यांतील खुनांपैकी शेकडा ८८ खुनांचा उलगडा झाला होता, इतर स्त्रियांच्या बाबतीत हेच प्रमाण शेकडा ८९ होते. बहुसंख्य खुनी मृत स्त्रीच्या ओळखीचेच निघाले. मग पोलिसांचा पक्षपात कोठे राहिला, आणि गोऱ्या वसाहतवाद्यांचा संबंध तरी काय, असा प्रश्न विचारणाऱ्यास मूर्ख वा दुष्ट म्हणून भागणार नाही.

परंतु त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. कॅनडातील एकंदर स्त्रियांत मूळ रहिवासी स्त्रिया शेकडा चारांहून किंचित अधिक. खून झालेल्या स्त्रियांत मात्र त्या शेकडा सोळा. प्रत्येक खुनामागे एकेक दुष्ट मनुष्य आहे हे मान्य केले तरी हे दुष्ट लोक आपली शिकार निवडताना एवढे एकमत कसे होतात, याचे उत्तर कोणा एका खुन्याच्या चरित्रात सापडणार नाही. एखाद्या गल्लीत दर पावसाळ्यात एकाच बाजूची घरे कोसळू लागली, तर प्रत्येक घराला निमित्त झालेल्या वाऱ्याच्या झोताची चौकशी करून भागत नाही. त्या बाजूचा पाया कोणी व केव्हा खणला, हेही पाहावे लागते. आकडे आम्हांस येथवर आणून सोडतात. पुढे माणसांकडे पाहिले पाहिजे.

मॅनिटोबाच्या उत्तर भागात द पा नावाचे एक लहान गाव आहे. क्री जमातीची हेलन बेट्टी ऑस्बोर्न ही एकोणीस वर्षांची मुलगी नॉर्वे हाउस येथून तेथे शिकावयास आली होती, कारण तिच्या गावी पुढील शिक्षणाची सोय नव्हती. १३ नोव्हेंबर १९७१ च्या पहाटेच्या सुमारास रस्त्याने चाललेल्या या मुलीला चार गोऱ्या तरुणांनी बळेच मोटारीत घातले, गावाबाहेर नेले आणि तेथे तिला भोसकून मारले. भोसकल्याच्या जखमा पन्नासाहून अधिक होत्या. खटला उभा राहून निकाल लागावयास १९८७ साल उजाडले. चौघांपैकी एकास जन्मठेप झाली, एक सुटला, एकाने साक्ष देण्याच्या अटीवर माफी मिळविली आणि एकावर आरोपच ठेवण्यात आला नाही.

ही सोळा वर्षे कशी गेली, हा खरा प्रश्न आहे. मारेकरी पळून गेले नव्हते. गाव मोठे नव्हते. मॅनिटोबा सरकारने १९८८ साली नेमलेल्या न्यायचौकशी आयोगाने १९९१ साली जो अहवाल दिला, तो आमच्या मते या विषयावरील सर्वांत वाचनीय लेख होय. ए. सी. हॅमिल्टन व मरे सिंक्लेअर हे दोन न्यायाधीश त्याचे कर्ते; त्यांपैकी सिंक्लेअर हे स्वतः मूळ रहिवासी असून त्या प्रांतातील त्यांच्या समाजाचे पहिले न्यायाधीश होते. गावातील पुष्कळांच्या कानी खुन्यांची नावे आली होती, असे या अहवालावरून दिसते. मारणाऱ्यांपैकी एकाने तर ही गोष्ट लोकांत बोलूनही दाखविली होती. पोलिसांनी आरंभी मुलीच्या मूळ रहिवासी मित्रमैत्रिणींनाच धरून त्यांची उलटतपासणी केली. गावातील चित्रपटगृहात गोरे एका बाजूस व मूळ रहिवासी दुसऱ्या बाजूस बसत. तसे बसावे असा काही कायदा नव्हता. गोरे तरुण रात्री मोटारी घेऊन याच समाजाच्या मुली हेरीत फिरत असत, हे ठाऊक असलेल्या पोलिसांना त्यात विशेष काही वाटत नसे. ती मुलगी मूळ रहिवासी नसती तर जिवंत राहिली असती, या निष्कर्षाला आयोग आला.

आता येथे दोष कोणाचा? भोसकणारा हात एकाचा, फार तर चौघांचा. परंतु सोळा वर्षे गप्प बसलेल्या त्या गावातील शिंपी, मास्तर, दुकानदार यांच्यापैकी एकानेही हत्यार हाती घेतले नव्हते. बहुतेकांनी त्या मुलीला पाहिलेही नसेल. त्यांना आपण खुनी म्हणणार नाही. पण एक विचार करून पाहावा. त्याच रस्त्यावरून त्याच रात्री गावातील डॉक्टरची किंवा पाद्र्याची मुलगी नाहीशी झाली असती, तर हे मौन सोळा दिवस तरी टिकले असते काय? गावाने खून केला नाही. मात्र कोणाचा खून झाला असता बोलावयाचे आणि कोणाचा झाला असता बोलावयाचे नाही, याचा एक अलिखित तक्ता त्या गावापाशी होता. हा तक्ता खुन्यांनाही पाठ होता, हे त्यांच्या निर्धास्तपणावरून उघड आहे. खून करणाऱ्याने हेरले ते हेच, की ही मुलगी बेवारस आहे.

हा तक्ता कोठून आला? द पा येथील लोकांनी तो बसल्या बैठकीस तयार केला नाही. त्यातील बराचसा मजकूर कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता. कॅनडाच्या संसदेने १८७६ साली 'इंडियन ॲक्ट' नावाचा कायदा केला. इंडियन कोण हे ठरविण्याचा अधिकार त्याने सरकारकडे घेतला, आणि त्यात एक अशी मेख मारून ठेवली की, मूळ रहिवासी स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले तर ती कायद्याने इंडियन राहत नाही. मात्र तेथील पुरुषाने गोऱ्या स्त्रीशी लग्न केले तर ती गोरी स्त्री कायद्याने इंडियन होते! ज्या अनेक जमातींत कुळ आईकडून चालत असे, त्यांच्यावर हा नियम लादला गेला. नाव कमी झाले म्हणजे राखीव वस्तीत राहण्याचा हक्क गेला, वडिलार्जित घरातील वाटा गेला, मुलांचे नावही गेले. आणि पुढे नवऱ्याने टाकले किंवा तो मेला तरी माहेरचे दार उघडत नसे. अशा स्त्रीला मेल्यानंतर आपल्या आईबापांशेजारी पुरून घेण्याचा हक्कदेखील उरत नसे. वस्तीच्या पंचायतीत मत देण्याचा अधिकार तर स्त्रियांना १९५१ पर्यंत मुळीच नव्हता.

हा नियम काही जुन्या जमान्यात विरून गेला असे नाही. १९७३ साली जेनेट कॉर्बियर लाव्हेल या बाईंनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. पाच विरुद्ध चार मतांनी त्या हरल्या. सँड्रा लव्हलेस यांना संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे जावे लागले, आणि तेथे १९८१ साली त्यांच्या बाजूने मत पडल्यानंतर १९८५ साली हे कलम गेले. नातवंडांपर्यंतचे त्याचे परिणाम पुसून काढण्यास २०१९ साल यावे लागले. या शंभरांहून अधिक वर्षांत किती स्त्रिया आपल्या गावातून निघून शहराच्या कडेला, भाड्याच्या खोल्यांत व अनोळखी मोटारींत येऊन पडल्या असतील, याचा वाचकांनीच अंदाज करावा. त्यांच्या जोडीस निवासी शाळा होत्या. सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून त्या शाळांत ठेवण्यात आली, आणि शेवटची शाळा बंद झाली ती १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात. आई मुलाला ओळखीना व मूल आईची भाषा जाणीना अशी दोन टोके एकदम कापली गेली. बेवारस हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजला आहे, असे कोणास वाटू नये. त्या स्त्रियांचे वारस कायद्याने खरोखरीच काढून घेतले होते.

बहुतेक खुनी ओळखीचे होते, काही तर स्वजातीय पती वा सोबती होते, या पोलिसी आक्षेपाचे उत्तरही येथेच आहे. ज्या मुलग्याला सहाव्या वर्षी घरातून उचलून नेऊन मारीत मारीत वाढविले, तो पुढे आपल्या बायकोला मारू लागला तर त्याचा गुन्हा माफ होत नाही. आम्हांस तो मुळीच माफ करावयाचा नाही. पण बायकोला पळून जावयास गाव नाही, आसऱ्यास माहेर नाही, तक्रार करावी तर ती ज्याच्यापाशी करावयाची त्या शिपायाचीच भीती, ही तीनही दारे त्याने बंद केलेली नाहीत.

न्यायालयाचे दारही पाहून घेऊ. १९९५ साली रेजायना शहराबाहेर पामेला जॉर्ज या दोन मुलांच्या आईला विद्यापीठात शिकणाऱ्या दोन गोऱ्या तरुणांनी मारून मारून मरावयास टाकून दिले. ती कधी कधी रस्त्यावर उभी राहून देहविक्रय करीत असे. खटल्यात न्यायाधीशांनी पंचांस समजावून सांगताना तिच्या या व्यवसायाची आठवण ठेवण्यास सांगितले. शिक्षा खुनाची न होता सदोष मनुष्यवधाची, साडेसहा वर्षांची झाली. शेरीन रझाक या विदुषींनी या खटल्यावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. काही रस्ते व काही देह असे मानले जातात की, तेथे घडलेली हिंसा ही त्या जागेचाच स्वभाव म्हणून खपून जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते आम्हांस पटते.

आणि येथे आपण कॅनडाकडे बोट दाखवून थांबू शकत नाही. पीडित स्त्रीची साक्ष तिच्या चारित्र्याच्या तराजूत तोलावी हा इंग्रजी न्यायपद्धतीचा जुना संस्कार. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यात तो १५५ व्या कलमात घालण्यात आला आणि २००३ पर्यंत तो तेथे सुखाने नांदला. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन शिपायांनी अत्याचार केल्याचे जे प्रकरण 'मथुरा खटला' म्हणून विख्यात आहे, त्यात नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली असता सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्या शिपायांना सोडून दिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी पुढल्या वर्षी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले नसते, तर तो निकाल वकिलांच्या कपाटातच राहिला असता. १८७१ साली एकेका संबंध जमातीला जन्मजात गुन्हेगार ठरविणारा कायदा येथे झाला आणि पाच वर्षांनी तेथे तो 'इंडियन ॲक्ट'. दोहोंतही सरकारी वहीत मनुष्याचे नाव येण्यापूर्वी त्याच्या जमातीचे येत असे. आपल्याकडील फासेपारधी स्त्रीला आजही पोलीस ठाण्याची पायरी चढताना काय वाटते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना द पा गावची गोष्ट परकी वाटणार नाही. मात्र आपल्याकडील सर्व पाप इंग्रजांच्या माथी मारण्याची सोय आम्ही कोणास देऊ इच्छित नाही. देसाईगंजचे शिपाई लंडनहून आले नव्हते.

कॅनडात शेवटी २०१६ साली राष्ट्रीय चौकशी सुरू झाली आणि ३ जून २०१९ रोजी तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. न्यायासाठी २३१ मागण्या त्यात मांडल्या असून या हत्यांना 'वंशसंहार' हा शब्द लावला आहे. या शब्दावरून फार मोठे रण माजले. आमचे मत विचाराल तर, शब्द जितका मोठा तितका तो टाळण्यास सोपा होतो. त्या एका शब्दाच्या व्याख्येवर विद्वान भांडत बसले आणि २३१ मागण्या बाजूस राहिल्या. उत्तर ब्रिटिश कोलंबियातील ज्या हमरस्त्याला 'अश्रूंचा रस्ता' असे नाव पडले आहे, त्याच्या सातशेहून अधिक किलोमीटर लांबीत गरीब मुलींना जावयायावयास मोटारगाडी नव्हती, म्हणून त्या अनोळखी वाहनांना हात करीत आणि त्यांतल्या काही परत येत नसत. तेथे एक बस सुरू करा अशी शिफारस २००६ साली झाली. बस आली २०१७ साली. बस सुरू करण्यास वंशसंहाराची व्याख्या ठरावी लागत नाही.

आता मूळ प्रश्नाचे जे सर्वांत अवघड अंग, त्याकडे येऊ. आजचा कॅनडावासी म्हणतो, 'आमच्या पणजोबांनी कायदा केला, आम्ही तो मोडून काढला. त्यांच्या पापाचे प्रायश्चित्त आम्ही का घ्यावे?' आपल्या धर्मशास्त्राचा आधार घेतला तर त्याची बाजू आणखीच बळकट होते. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हा नियम सर्वश्रुत आहे. पण जुगार, मद्य, कामलोलुपता इत्यादी अधर्म्य कारणांसाठी पित्याने केलेल्या ऋणाचे बंधन पुत्रावर नाही, हा त्याचा अपवादही तितकाच जुना आहे. मग दुसऱ्याची भूमी व दुसऱ्याची मुले हिरावून घेण्याइतके अधर्म्य दुसरे काय असावे? ते ऋण नातवाने कोणत्या न्यायाने फेडावयाचे?

या कोड्यातून बाहेर पडण्याची वाटही आम्हांस स्मृतिकारांपाशीच सापडते. याज्ञवल्क्याने ऋण फेडण्याचा भार केवळ रक्ताच्या नात्यावर टाकलेला नाही. जो मृताचे रिक्थ, म्हणजे त्याची मालमत्ता घेतो, त्याच्याकडून ते ऋण वसूल करावे असे त्याचे शासन आहे. पाप व ऋण यांतील भेद येथे ध्यानी घ्यावा. पाप ज्याचे त्याच्याबरोबर जाते. ऋण मालमत्तेला चिकटून राहते आणि घर विकत घेणाऱ्याच्या मागे लागते. विनिपेग शहर ज्या भूमीवर उभे आहे ती १८७१ च्या पहिल्या क्रमांकाच्या तहाने घेतली गेली. त्या भूमीवरील गहू, रेल्वे, विद्यापीठ व घरे यांचा उपभोग जो घेतो तो त्या रिक्थाचा ग्राहक आहे, मग त्याचा पणजोबा स्कॉटलंडातून आलेला असो की तो स्वतः मागल्या वर्षी पुण्याहून गेलेला असो. आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही. त्यांना तेथे गुन्हेगार मानावे असा याचा अर्थ नाही; इतकेच की, घराच्या खरेदीखतात जे कलम छापलेले नसते ते त्यांनी माहीत करून घ्यावे.

आणि हे ऋण फेडावयाचे कशाने? पैशाने, भूमीने, कायद्याने, अशी उत्तरे अनेक आहेत व ती सर्व आपापल्या ठिकाणी योग्य आहेत. स्त्रीहत्येच्या संदर्भात मात्र एक अगदी साधे देणे आमच्या डोळ्यांपुढे येते, ते म्हणजे नाहीशी झालेली स्त्री शोधणे. २०२२ साली विनिपेग येथे एकाच मनुष्याने चार मूळ रहिवासी स्त्रियांना ठार मारले. त्यांपैकी मॉर्गन हॅरिस व मार्सेडीस मायरन या दोघींची प्रेते शहराबाहेरील प्रेरी ग्रीन नावाच्या कचरा डेपोत असावीत, असे पोलिसांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात जाहीर केले आणि त्याच दमात सांगितले की, आपण तेथे शोध घेणार नाही. कारणे फालतू नव्हती. मध्ये बरेच महिने लोटले होते, वर सहस्रावधी गाड्या कचरा पडला होता आणि त्यात आरोग्यास घातक असे ॲस्बेस्टॉसही होते. तज्ज्ञांनी २०२३ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे शोधास तीन वर्षेपर्यंत वेळ आणि ८.४ ते १८.४ कोटी डॉलर खर्च लागणार होता. प्रांत सरकारने कामगारांच्या जिवाचा हवाला देऊन नकार दिला. इतके झाले ते समजण्यासारखे होते. परंतु त्याच वर्षाच्या ऑक्टोबरातील निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने हा नकार आपली कर्तबगारी म्हणून जाहिरातींत छापला, तेव्हा खर्चाचा हिशेब संपून दुसराच हिशेब सुरू झाला. मुलींच्या प्रेतांसाठी खणणार नाही, या आश्वासनावर मते मिळतील असे ज्या पक्षाला वाटले, त्याने आपल्या मतदारांविषयी काय गृहीत धरले होते? तो पक्ष हरला, आणि वॉब किन्यू हे कॅनडातील कोणत्याही प्रांताचे मूळ रहिवाशांच्या प्रथम राष्ट्रांतील पहिले मुख्यमंत्री झाले.

मेलेल्याला शोधाचा उपयोग काय, असे उपयुक्ततावादी विचारतील. मिलसाहेबांचे ग्रंथ आम्हीही वर्गात शिकविले आहेत, आणि या प्रश्नापुढे त्या पक्षाचे तराजू थोडेसे लटपटतात, असा आमचा अनुभव आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात रणभूमीवर आपापल्या माणसांची धडे व मस्तके शोधीत फिरणाऱ्या स्त्रिया आहेत. त्या सापडलेल्यांचे पुढे सर्व झाले. पण व्यासांना तेवढ्याने चैन पडलेले दिसत नाही. ज्यांचे कोणीच नव्हते, जे कोठल्या कोठल्या देशांतून येऊन तेथे पडले होते, त्या अनाथांनाही लाकडे रचून अग्नी देण्याची व्यवस्था विजयी युधिष्ठिर करवितो. राज्य ज्याच्याकडे आले त्याने ती केली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे प्रेत सापडलेच नाही तर पळसाच्या पानांची आकृती करून तिचे दहन करण्याचा पालाशविधी आहे. परंतु बेपत्ता मनुष्याच्या बाबतीत तो करण्यापूर्वी बारा वर्षे वाट पाहावी, असे सांगितले आहे. विनिपेगच्या पोलिसांना बारा महिनेही वाट पाहावीशी वाटली नाही.

खुनी मनुष्य जुलै २०२४ मध्ये चारही खुनांबद्दल दोषी ठरून जन्मठेपेस गेला. हार्परसाहेबांच्या मताप्रमाणे प्रकरण तेथे संपावयास हवे होते. केंद्र व प्रांत या दोन्ही सरकारांनी मिळून चार कोटी डॉलर बाजूस काढले होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात प्रेरी ग्रीन येथे खणण्यास आरंभ झाला. शोधणारी माणसे कचरा पसरून दाताळ्यांनी व हातांनी चाळीत होती. तीन वर्षे लागतील असे म्हटलेल्या या कामात २०२५ च्या फेब्रुवारीअखेर मानवी अवशेष हाती आले, आणि मार्चमध्ये दोन्ही मुलींची ओळख पटली.

चौथी स्त्री कोण, हे मात्र तोवर कोणासच ठाऊक नव्हते. खटला तिच्या नावाशिवायच चालला. तिला केवळ 'अनोळखी' म्हणू नये यासाठी तेथील वडीलधाऱ्यांनी तिला आपल्या भाषेत 'मश्कोडे बिझिकीक्वे', म्हणजे बायसन-स्त्री, असे एक नाव दिले होते. मार्च २०२५ मध्ये तिचे खरे नाव कळले. सेंट थेरेसा पॉइंट या दूर उत्तरेकडील वस्तीची ती मुलगी. तेथे विमानाने, अथवा हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरांवरील रस्त्यानेच जाता येते. तिचे अवशेष ब्रेडी रोडवरील दुसऱ्या कचरा डेपोत असावेत, असे पोलिसांनी सांगितले. तोही डेपो खणून पाहू, असे किन्यू यांनी तेव्हा जाहीर केले.